पालकांस कळविले

२ सप्टेंबर, मंगळवार

त्या सकाळी मी फोन एकदाच लावला होता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली सकाळ. कॉलेजच्या ऑफिसात मी एकटा. भोसरीच्या खोलीवरून पोरांनी कळवलं, नवनाथला दम लागलाय, दवाखान्यात नेलंय, त्याच्या घरी सांगा. फॉर्म काढला, पालकाचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मग रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'पालकांस दूरध्वनीवरून कळविले.' आमच्याकडची रीतच ती. नोंद आधी, काम मागून. साहेबांनी कधीही मागितलं तरी रजिस्टर पुरं असावं. चहा घेऊन परत लावू म्हटलं. चहा यायच्या आत थोरल्या भावाचा फोन, वहिनींना ॲडमिट केलंय. तसाच निघालो. पुढचे सतरा दिवस मीच गावी एका खोलीत कोंडलेला.

अठराव्या दिवशी ऑफिसला आलो तर नवनाथ दारात. नुसती हाडं उरलेली. "सर, घरी कळवलं होतं ना? बाप म्हणतो मला कुणी सांगितलंच न्हाई." मी रजिस्टर उघडून दाखवलं. माझंच अक्षर. मलाही ते खरंच वाटलं. त्यानं ओळीवरून बोट फिरवलं. "म्हणजे बाप खोटं बोलतो." एवढं बोलून गेला. त्यानंतर तो घरी गेलेला नाही. आई आधीच वारलेली. बापाशी बोलणं बंद.

त्या संध्याकाळी चाकणच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मला आठवलं, की फोन लागलाच नव्हता. उद्या सांगू म्हटलं. चार वर्षं झाली.

आज हे सगळं वर आलं ते मॅडममुळे. प्राचार्य मॅडमनी दुपारी शिंदे सरांना आणि मला बोलावलं. फ्लूची मोठी साथ आली तर कॉलेज काय करणार, याचा आराखडा वीस तारखेपर्यंत हवाय. आजारी मुलांची खोली, मास्क, हात धुवायचे नळ, घरून तास, हे शिंदे सरांकडे. तरुण आहेत, एन.एस.एस. तेच बघतात. माझ्याकडे पालकांचे नंबर. एकेक लावून बघायचा. "भाऊसाहेब, मागच्या वेळी किती नंबर चुकीचे निघाले, आठवतंय ना?"

हो म्हटलं. मला एकच आठवतो.

३ सप्टें., बुध. एकादशी.

सकाळी पोथीचं पान वाचलं, डोक्यात शिरलं नाही. दहापासून फोन. प्रथम वर्ष आधी. ४० लावले, २६ लागले.

"कॉलेजातून बोलतोय" म्हटलं की पलीकडचा आवाजच जातो. पहिल्याच बाई औशाकडच्या. "काय झालं माझ्या लेकराला? खरं सांगा सर, माझ्यापासून लपवू नका." काही झालं नाही, हे पटवायला पाच मिनिटं गेली. तिसऱ्या फोनला एक आजोबा. त्यांनी फोन खाली ठेवला आणि सुनेला हाका मारत सुटले. मला नुसत्या हाका ऐकू येत राहिल्या.

मग पद्धत बदलली. आधी "पोरगं सुखरूप आहे," आणि मग मी कोण ते. एवढ्यानं फरक पडला. पलीकडे श्वास सुटल्याचं ऐकू येतं.

एक जण ट्रॅक्टरवरूनच: "पास झालं का?"
"परीक्षा अजून व्हायचीय."
"मग फोन कशाला केला राव, काळजाचं पाणी झालं की!"

स्टाफरूममध्ये थट्टा चालू. "पाहुण्याचा पत्ता नाही आन् भाऊसाहेबांनी पाट मांडून ठेवले." मांडलेले बरे. मागच्या वेळी पाहुणा न विचारता चुलीपर्यंत आला होता.

५ सप्टें., शुक्र.

शिंदे सरांनी यादी संगणकावर नंबरांप्रमाणे लावली आणि हसायला लागले. "भाऊसाहेब, इकडे या. अकरा पोरांचा बाप एकच!"

पडद्यावरचे आकडे बघितले आणि खुर्चीची पाठ धरली. हे आकडे मला चार वर्षं पाठ आहेत. नवनाथच्या फॉर्मवर हाच नंबर होता. परत कधी लावला नाही. त्याचे वडील उचलतील, ही भीती. आज कामच होतं. लावला.

"दत्ता झेरॉक्स, बोला!" मागे मशीनची घरघर.

परभणीकडचं दुकान. पोरांचे ॲडमिशनचे फॉर्म हाच भरतो. पालकाचा नंबर तुझा कसा, विचारलं. "आवं सर, ओटीपी येतो ना. बाप रानात, रानात रेंज न्हाई, पोरगं फोन लावंपर्यंत टाइम संपतो. म्हणून माझाच टाकतो." मग एकदम आवाज बदलला. "काय झालं सर? कुणाचं लेकरू?"

माझंच चुकलं. आधी सांगायचं विसरलो. "सगळी सुखरूप आहेत."

"मग ठीक. तुमचे मेसेज सगळे येतेत माझ्याकडं. गैरहजर, परीक्षा, सुट्टी. सांजच्याला दुकान बंद केलं की ज्याच्या त्याच्या घरी सांगून येतो."

अकरा घरांचे खरे नंबर सोमवारी देतो म्हणाला. नवनाथचं नाव ओठांवर आलं. विचारलं नाही.

त्या सकाळी कुणी उचलला असता तरी तो बाप नसता. हे कळल्यावर ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही.

६ सप्टें., शनि.

विसर्जन. घरचा गणपती कधीच गेला. येताना चाकण चौकात दीड तास. मोरया म्हणायचंही राहून गेलं.

८ सप्टें., सोम.

दत्ताचा फोन आपणहून आला. अकरा नंबर. नुसते नंबर नाहीत, प्रत्येकापुढे माहिती. "ह्यांना सातच्या नंतर लावा. ह्या बाईला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला. हे दोघं नवराबायको ऊसतोडीला जातेत, दिवाळीनंतर मामाला लावा." असा रकाना आमच्या आराखड्यात नाही. करून घेतला.

मग विचारलंच. "अंकुशराव म्हणून आहेत का तुमच्याकडे? नवनाथचे वडील."

"आत्ता गेले की. आज बाजार. दर सोमवारी येतेत. इचारतेत, दत्ता, कॉलेजचा काही मेसेज? आवं म्हणलं, पोरगं पास होऊन कव्हाच भाईर पडलं, आता कशाचा मेसेज येतोय? तरी येतेत. बाकड्यावर बसतेत, चहा पितेत, जातेत."

त्या दिवसांचं विचारलं. दुकान बंद, चौकात पोलीस, मोबाइल गल्ल्यात राहून गेला. पंधरा दिवसांनी उघडलं तर बॅटरी मेलेली. चार्ज केल्यावर कॉलेजचा मिस कॉल दिसला. त्यानं परत लावला होता. इकडे उचलायला कुणी नव्हतं.

"एकच कॉल व्हता, सर. म्हणून वाटलं, महत्त्वाचं नसंल."

त्याच्या मनात काही नव्हतं.

ठेवताना अंकुशरावांचा नंबरही दिला, मोबाइल त्यांनी त्यानंतर घेतलेला. मी मागितला नव्हता. लावावा का? नाही. आधी पोराला सांगायला हवं.

१० सप्टें., बुध.

आराखड्याच्या नमुन्यात छापील ओळ आहे: 'आजारी विद्यार्थ्याने स्वतःच्या खोलीत वेगळे राहावे.' ती खोली बघायला शिंदे सर आणि मी भोसरीला गेलो. आमची बरीच पोरं तिथेच राहतात. दहा बाय बारा, माणसं सहा, खाटा तीन. नवनाथ वरच्या मजल्यावर असतो. आता चाकणला कंपनीत कायम झालाय. त्यानंच सगळं दाखवलं.

"सर, हितं खाटबी शिफ्टमधी चालती. ह्यो नाइट करून येतो, तवा त्यो कॉलेजला निघतो. अंथरूण गार व्हत न्हाई."

शिंदे सरांनी उभ्या उभ्या ती ओळ खोडली. ठरलं: ड्रॉइंग हॉल रिकामा करायचा, त्याला बाहेरून वेगळं दार आहे, खिडक्या मोठ्या. दहा खाटा. आजारी पडलेल्या पोरानं डॉक्टरचा दाखला नाही म्हणून तापात कॉलेजला यायची वेळ येऊ नये, हजेरी कापायची नाही, हेही मॅडमना सांगायचं. तिथे पोरांजवळ बसणार कोण, हा प्रश्न राहिला. मी बसेन म्हटलं.

वर चहाला गेलो. शिंदे सर फोनवर, जिन्यात. नवनाथ स्टोव्हपाशी. पाठ माझ्याकडे.

"सर, लग्न जमलंय. तुळशीच्या लग्नानंतर. जुन्नरकडची हाय, आमच्याच कंपनीत."

फार बरं वाटलं. आणि तोंडून गेलंच, "वडिलांना कळवलंस?"

तो वळला नाही. "त्येच बोलायचं व्हतं. व्याहीभेटीला बापाच्या जागी तुमी उभं राहायचं. त्या टायमाला माझ्यासाठी फोन तुमी केलाव. बापाला कळूनबी त्यो आला न्हाई. नंतर डबा कोण आणायचं? कंपनीत शब्द कोणी टाकला? न्हाई म्हणू नका."

डबा मी नेत होतो, खरं आहे. का नेत होतो ते त्याला माहीत नाही.

"पंधरवडा चालू आहे. संपू दे, मग बोलू," म्हटलं. पितरांच्या आड लपलो. चहात साखर जास्त होती, ते सांगायचंही राहिलं.

११ सप्टें., गुरु.

हिला सांगितलं. भाकऱ्या करत होती. तव्यावरची उलटली.

"तरीच. त्या पोराचा डबा बांधताना तुमी माझ्याकडं कधी बघायचा न्हाई."

"सांगावं म्हणतो त्याला."

"म्हणतो काय? सांगा की."

"लिहिलेलं खोटं आहे, नोकरीवर येईल."

"व्हईल ते व्हईल. दुसऱ्याच्या बापाची जागा हाय ती. जित्या माणसाची. तिथं उभं राहायचं ठरवून रविवारी तुमच्या आण्णांना कोणत्या हातानं पान वाढाल?"

भाकरी ताटात टाकली. जरा जोरातच.

१४ सप्टें., रवि. अष्टमी. आण्णांची, माझ्या वडिलांची तिथी.

पान वाढलं. कावळ्यानं वेळ लावला नाही. मला उगाच वाटलं होतं, लावेल.

आण्णांना अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी वहीत काही लिहिलं की मलाच वाचायला लावायचे, आणि मी वाचेन ते खरं धरायचे. 'अभ्यासात लक्ष नाही' असं लिहिलेलं असताना मी एकदा 'बरा आहे' म्हणून वाचलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. गूळ दिला खायला. तो गूळ मला आजवर आठवतो.

जेवून नवनाथकडे जायचं होतं. पाहुणे निघेपर्यंत पाच. राहिलं.

१६ सप्टें., मंगळ.

आराखड्याची रंगीत तालीम. शिंदे सर आजारी विद्यार्थी झाले. खोकला असा काढला की मागच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मास्क लावून त्यांना ड्रॉइंग हॉलच्या बाहेरच्या दारानं नेलं, खाटेवर निजवलं, बोटाला ते ऑक्सिजनचं लावलं. मॅडम घड्याळ घेऊन उभ्या.

"भाऊसाहेब, पालकांना कळवलं? लिहून टाका, पुढे जाऊ."

पेन टेकवलं. पुढे सरकेना.

"आधी लावतो," म्हटलं.

"अहो, तालीम आहे."

तरी लावला. शिंदे सरांच्या कागदावर पालक म्हणून त्यांच्या आईंचा नंबर. स्पीकरवर. उचलल्या. मी घाबरलेलो, त्यामुळे पुन्हा क्रम चुकला. "मी कॉलेजातून बोलतोय, शिंदे सर जरा आजारी..."

"बाळूला काय झालं? कुठं हाय तो? मी निघते. भाऊ, त्याच्याजवळ कोण हाय?"

पोरं बाळू ऐकून हसली. मग कुणीच हसलं नाही. शिंदे सर खाटेवरून उठून फोनपाशी आले. "आई, मी आहे. खोटं आहे गं. नाटक आहे."

"असलं नाटक करतेत व्हय रे, मेल्या!" आणि रडायला लागल्या.

मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. शिंदे सर दिवसभर आईशीच बोलत होते.

नंतर मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, रजिस्टरमध्ये 'कळविले' असा शब्द नको. रकाने हवेत. कधी लावला, कितीदा, कोण बोललं, काय उत्तर आलं. सही शेवटी. त्या म्हणाल्या, करू. एवढ्यासाठी एवढा आग्रह का?

सांगितलं. सगळं.

त्यांनी टेबलावरचं पेपरवेट बाजूला सरकवलं. "त्या मुलाला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला आधी का सांगताय?"

मी उठायला लागलो.

"मला लेखी द्या. पुढचं मी बघते, काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही. पण त्याच्याकडे तुम्ही जा."

१७ सप्टें., बुध. एकादशी.

लेखी दिलं. दीड पान. अक्षर चांगलं आलं. नवनाथची फर्स्ट शिफ्ट, घरी चारला येतो. चारला माझी मीटिंग होती. मीटिंग पाच मिनिटांत संपली हेही लिहून ठेवलं पाहिजे.

१९ सप्टें., शुक्र.

आराखडा गेला. चौदा पानं. पालकांचे नंबर सगळे लावून झाले, सात घरी अजून कुणी सापडत नाही, त्या सातांची यादी वेगळी. त्यांच्या गावच्या कुणा ना कुणाचा नंबर मिळवायचा. दत्तासारखं माणूस प्रत्येक गावात असेलच.

फ्लू येईल न येईल. देव करो, न येवो. पण हॉलच्या खिडक्या उघडल्या ते बरं झालं. खोलीला इतका उजेड आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मॅडमनी जुनं रजिस्टर कपाटातून काढून हातात दिलं.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री.

सांगितलं.

नवनाथची आजपासून सेकंड शिफ्ट. निघायच्या तयारीत होता, शर्टाची बटणं लावत. मला बघून खुलला. "बरं झालं आलाव. पत्रिका छापायला टाकायचीय. तुमचं नाव कसं घालू?"

"घालू नको. बस."

पिशवीतून रजिस्टर काढलं. खूण घातलेलं पान. "ही ओळ खोटी आहे. फोन लागला नव्हता. मी आधीच लिहून टाकलं होतं, आणि नंतर लावायचा राहिला. तुझ्या वडिलांना कुणी कळवलं नाही. ते खरं सांगत होते." दत्ताच्या दुकानाचं, गल्ल्यातल्या मोबाइलचं, दर सोमवारच्या बाकड्याचं, सगळं सांगितलं. क्रमानं. न थांबता. वाटेत पाठ करत आलो होतो.

त्यानं ओळीवरून बोट फिरवलं. तेच बोट.

"किती येळा लावला म्हणालाव?"

"एकदा."

"आन् मी बापाला..."

खाली कुणी तरी गाडीला किक मारत होतं. लागत नव्हती.

मग म्हणाला, "डबा ह्या ओळीसाठी आणत होताव?"

"सुरुवातीला ओळीसाठी."

"आन् मग?"

"मग तुझ्यासाठी."

तो उठला. स्वतःचा कप विसळून पालथा घातला. मला चहा विचारला नाही. पहिल्यांदाच. मी अंकुशरावांच्या नंबरची चिठ्ठी खाटेवर ठेवली. हेल्मेट घेऊन तो दारापर्यंत गेला, परत आला, चिठ्ठी उचलली, मोबाइलच्या कव्हरात सरकवली.

"शिफ्टला उशीर हुतोय," म्हणाला. सर म्हणाला नाही.

जिन्यातून दिसलं, गाडीवर बसला होता. चावी हातात. हेल्मेट टाकीवर. बघत उभं राहणं बरं नव्हतं. मागच्या गल्लीतून निघालो.

घरी आलो तर हिनं देवापाशी दिवा लावून ठेवला होता. पान वाढलं.

नव्या रजिस्टरच्या रकान्यांप्रमाणे इथे लिहून ठेवतो.

कोणास: नवनाथ अंकुशराव. कसे: समक्ष. वेळ: दु. १.४०. कोण बोलले: मी. काय उत्तर आले:

उद्या सोमवार. तिकडे बाजार. रकाना मोकळा ठेवलाय.